तुकोगंजच्या गच्चीवरून दिसलेला गोव्याचा तारा

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंदूरला आत्याकडे गेलो होतो. तुकोगंजात तिचे जुने घर आहे. गोवामुक्तीच्या आदल्या वर्षी लग्न होऊन ती हरमलहून इथे आली, ती कायमचीच. रात्री आठच्या सुमारास आम्ही गच्चीवर गेलो. दक्षिणेकडे बोट दाखवून ती म्हणाली, "अरे, तो तांबूस तारा बघ. आपल्या अंगणातून माडांच्या वर दिसायचा. इथे समोरच्या इमारतीला टेकलेला असतो. तारा खाली आला की माझीच नजर?"

नजर तिची अगदी ठीक आहे. तो तारा म्हणजे फिनिक्स या दक्षिणेकडच्या तारकासमूहातला सर्वांत तेजस्वी तारा, अंका. जितके उत्तरेला जावे तितके दक्षिणेचे तारे क्षितिजाकडे झुकतात. गोव्यात अंका सुमारे ३२ अंश उंच चढतो, इंदुरात २५ अंशच. आत्याच्या संसाराचे अंतर आकाशात असे सात अंश भरते.

अंका हा नारिंगी राक्षसी तारा. गाभ्यातला हायड्रोजन संपला की तारा फुगतो आणि त्याचा पृष्ठभाग निवतो. अंका सूर्याच्या दहा पटींहून अधिक रुंद झाला आहे आणि सूर्यापेक्षा हजाराहून अधिक अंशांनी थंड आहे. तांबूस रंग त्यामुळेच.

पण मला सांगायची आहे ती त्याच्या तारकासमूहाची गोष्ट, कारण ती आपल्या गोव्यातून जाते.

यान हुइखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या पदरी कारकून होता. पोर्तुगीजांनी जिवापाड जपलेली सागरी मार्गांची माहिती त्याने टिपून घेतली आणि मायदेशी परतल्यावर ती छापली. त्या माहितीच्या आधारे १५९५ मध्ये चार डच जहाजे पूर्वेकडे निघाली. नकाशाकार प्लान्सियसने जहाजावरच्या पीटर केयझरला दक्षिणेचे तारे मोजायला सांगितले होते. केयझर १५९६ मध्ये जावा बेटावर वारला, पण त्याची मोजणी हॉलंडला पोचली. तिच्यातून बारा नवे तारकासमूह आखले गेले. फिनिक्स त्यातलाच एक. १६०३ मध्ये बायरच्या नक्षत्रपटात तो छापला गेला. त्याच वाटेने आलेल्या डचांनी १६३६ पासून मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी केली, हेही विसरता येत नाही.

'नवे' म्हणजे युरोपच्या नकाशाला नवे. अरब खलाशांच्या मुलखात याच ताऱ्यांत होडी पाहिली जात होती. अंका हे नावही अरबी पुराणपक्ष्याचे; आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने २०१६ मध्ये ते अधिकृत केले. आमच्या किनाऱ्यावरचे रापणकार तर पिढ्यानपिढ्या त्याच आकाशाखाली जाळी ओढत आले. नकाशावर नाव लागते ते लिहून ठेवणाऱ्याचे, आधी पाहणाऱ्याचे नव्हे.

अंका आपल्यापासून सुमारे ८५ प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे त्या रात्री गच्चीवर पोचलेला उजेड आत्याच्या जन्माच्या सुमारास तिथून निघाला होता. तिला हे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे हा निघाला तेव्हा मी हरमललाच होते."