रोमन अंकलेखनातील वजाबाकीचा नियम : शिलालेखांची साक्ष

पूर्णांक संख्या रोमन अंकांत लिहिण्याची रीत शालेय पुस्तकांत मोठ्या निश्चितपणे सांगितलेली असते. संख्येचे हजार, शतक, दशक व एकक असे घटक पाडावेत; ते डावीकडून क्रमाने लिहावेत; एकच चिन्ह सलग तीनपेक्षा अधिक वेळा न लिहिता चार व नऊ यांसाठी लहान चिन्ह मोठ्याच्या आधी ठेवून वजाबाकी दर्शवावी. या रीतीने ९१७ ही संख्या सी-एम-एक्स-व्ही-आय-आय अशी होते. हा नियम प्रत्यक्ष रोमन लोकांचाच होय, अशी सार्वत्रिक समजूत आहे. शिलालेखांची साक्ष मात्र निराळी आहे.

दक्षिण इटलीतील पोल्ला येथील लेख या दृष्टीने विशेष उद्‌बोधक होय. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील हा लेख कापुआ ते रेजियम हा मार्ग बांधणाऱ्या अधिकाऱ्याचा आहे. उपलब्ध लेखात त्याचे नाव नसल्यामुळे तो कोण, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. अंकांविषयी मात्र संदेहाला जागा नाही. कापुआ ८४ मैल, रेजियम २३७ मैल आणि एकूण मार्ग ३२१ मैल, ही बेरीज तंतोतंत जुळते. यांपैकी ८४ हा आकडा एक्स-एक्स-सी-आय-आय-आय-आय असा कोरलेला आहे. म्हणजे शंभरातून वीस वजा केले आणि त्यांत चार मिळविले. याच लेखात पकडून परत केलेल्या ९१७ पळपुट्या गुलामांचा उल्लेख येतो, आणि तेथे नऊशेसाठी डी या चिन्हापुढे चार वेळा सी येतो. एकाच शिळेवर ऐंशी वजाबाकीने आणि नऊशे बेरजेने! आजच्या परीक्षकाने दोन्ही आकडे चूक ठरविले असते.

पुढील काळातही हीच स्थिती दिसते. इ. स. ९ मध्ये वारुसच्या पराभवात मारल्या गेलेल्या मार्कुस कायलियुस या शतकाधिपतीच्या स्मारकशिलेवर त्याच्या सेनादलाचा १८ हा क्रमांक एक्स-आय-आय-एक्स असा आहे. लॅटिन भाषेत अठराला ‘विसाला दोन कमी’ या अर्थाचाच शब्द आहे. त्या उच्चाराचा परिणाम लेखनावर झाला असावा. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘एकोणीस’ व ‘एकोणतीस’ यांत आपणही वजाबाकीच करतो, फक्त ती एकापुरतीच. रोममधील कलोसियमच्या ४४व्या द्वारावर तर चाळीस वजाबाकीने आणि चार बेरजेने, अशा दोन्ही रीती एकाच आकड्यात नांदतात.

बेरजेच्या रीतीचे मूळ गणनफलकात शोधणे सयुक्तिक ठरते. रोमन हातफलकावर प्रत्येक स्थानी वरच्या खाचेत पाचाचा एक आणि खालच्या खाचेत एकेकाचे चार मणी असत. नऊ म्हणजे वरचा एक व खालचे चार. ते पाहून जसेच्या तसे उतरविले की व्ही-आय-आय-आय-आय हेच रूप मिळते. बेरीज ही हिशेबनिसाची रीत आणि वजाबाकी ही बोलीची व जागा वाचवू पाहणाऱ्या पाथरवटाची, असे स्थूलमानाने म्हणता येईल. पोल्लाचा लेख या विभागणीतही धड बसत नाही, हे मान्य केले पाहिजे.

म्हणूनच जुन्या लेखाचे संपादन करताना असे आकडे ‘शुद्ध’ करून छापणे घातक होय. अंकाचा अर्थ तोच राहतो. परंतु लिहिणाऱ्याने तो कसा मोजला अथवा कसा उच्चारला, याचा पुरावा कायमचा पुसला जातो.

नियमाची सक्ती विसाव्या शतकातही पूर्ण झाली नव्हती. लंडनच्या ॲडमिरल्टी आर्च या कमानीवर १९१० हे वर्ष एम-डी-सी-सी-सी-सी-एक्स असे, बेरजेच्या रीतीने आहे. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावर मात्र त्याच्या पुढचे वर्ष, १९११, एम-सी-एम-एक्स-आय असे कोरलेले आहे.