खोपोलीची वीज, मुळशीची जमीन

पुतणीच्या मुलीला फेलोशिप मिळाली आहे. विषय, अक्षय ऊर्जेतील सरकारी-खासगी भागीदारी. तिच्या वाचनाच्या यादीत हा इतिहास 1991 साली सुरू होतो. वीजनिर्मिती खासगी उद्योगांना खुली झाली ते वर्ष. मग दाभोळचा करार, त्यानंतर साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या. दाभोळ काही अक्षय ऊर्जेतला नव्हता, पण करार कसा करू नये हे शिकवायला तो हवाच. मी जन्मभर वीज मंडळात नोकरी केली, म्हणून तिने मला यादी दाखवली. म्हटलं, बाई, तुझी यादी ऐंशी वर्षं उशिरा सुरू होते. आधी लोणावळ्याला जा.

त्या काळी मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत. कोळसा बंगालच्या खाणींतून यायचा, महाग पडायचा, आणि गिरणगावावर काजळी धरायची. डेव्हिड गॉसलिंग नावाच्या मुंबईतल्या वास्तुविशारदाने जमशेटजी टाटांना सुचवलं की घाटमाथ्यावरचा पाऊस अडवून कोकणात सोडला तर त्यावर वीज होईल. लोणावळ्याला दीडशे-दोनशे इंच पाऊस पडतो, आणि खाली खोपोली सतराशे फुटांवर. इतकी उंची एका सपाट्यात मिळणं हे जलविद्युतवाल्याचं भाग्यच. जमशेटजी 1904 साली गेले. पुढचं दोराबजींनी केलं.

आता भागीदारी कशी होती ते पाहा. कंपनी 1910 मध्ये निघाली. तिचं भांडवल हिंदुस्थानातच उभं राहिलं आणि संस्थानिकांनी शेअर घेतले. पण खासगी कंपनी स्वतःच्या बळावर खोरंच्या खोरं विकत घेऊ शकत नाही. एक शेतकरी अडून बसला की धरण अडतं. तिथे 1894 चा भूसंपादन कायदा कामाला आला. पाण्याची परवानगी आणि जमीन सरकारकडून, पैसा आणि यंत्रं कंपनीकडून, गिऱ्हाईक म्हणजे गिरण्या. गिरणीवाल्यांना पटवणंही सोपं नव्हतं. ज्यांची वाफेची इंजिनं ठणठणीत होती ते कशाला हलतील? 8 फेब्रुवारी 1911 ला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्कनी पायाभरणी केली आणि बरोबर चार वर्षांनी, 8 फेब्रुवारी 1915 ला, लॉर्ड विलिंग्डननी वीज सुरू केली. एक लाख व्होल्टची वाहिनी खोपोलीहून थेट परळपर्यंत, जवळपास सत्तर किलोमीटर. ज्याने वाहिन्यांवर काम केलं आहे त्यालाच त्या काळी हे केवढं धाडस होतं ते कळेल. खोपोलीचं वीजघर अजून चालू आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून कौतुक आहे.

दुसरा प्रकल्प आंध्रा खोऱ्यातला. ठोकरवाडीला धरण, भिवपुरीला वीजघर, ते 1922 साली सुरू झालं. त्याची फार चर्चा झाली नाही.

तिसऱ्याची झाली. तो मुळशीचा, आणि माझ्या आजीचं माहेर त्याच पेट्यातलं. आंबेमोहोर पिकवणारी माणसं ती. बाजारातून तांदूळ आणला की आजी मूठभर हुंगून बघायची आणि नाक मुरडायची. शेवटपर्यंत एकही तांदूळ तिच्या परीक्षेत पास झाला नाही.

मुळा-निळेच्या खोऱ्यातली पन्नासहून अधिक गावं या प्रकल्पात जाणार होती. शेतकऱ्याला न विचारता शेतात चर खणायला सुरुवात झाली आणि तिथेच ठिणगी पडली. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे सत्याग्रहाला बसले. काम काही महिने थांबलंही. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात सेनापती झाले, विनायकराव भुस्कुटे त्यांच्या जोडीला होते, गांधीजींनी ‘यंग इंडिया’त टाटांना उद्देशून लिहिलं. पण लढ्याच्या पोटात एक फट होती आणि तिच्याकडे डोळेझाक करणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. सावकाराला जमीन नको होती, पैसे हवे होते, आणि मोबदल्याचा आकडा वाढताच त्याचं मन वळलं. कुळाला मात्र जमीनच हवी होती. दोघांची लढाई एक दिसली तरी एक नव्हती. पुढाऱ्यांमध्ये पुण्याची मंडळी बरीच होती. 1924 च्या डिसेंबरात बापटांनी धरणाच्या मजुरांची गाडी रुळांवर धोंडे रचून अडवली, गोळीबार केला आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. तोवर लढा संपलाच होता. भिऱ्याचं वीजघर 1927 ला सुरू झालं.

मुंबईत तुळशी पाइप रोडला आता सेनापती बापट मार्ग म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांना गिरण्या होत्या.

या व्यवहारात फायदा झालाच नाही असं मी म्हणणार नाही. भिवपुरीहून सुटणाऱ्या पाण्यावर कर्जतकडे उन्हाळी भात होतो. भिऱ्याच्या पाण्याने कुंडलिका बारमाही झाली, आणि आज कोलाडला शहरातली पोरं त्यावर राफ्टिंग करतात. पण हे पाणी मुळात भीमेचं. कृष्णा पाणी तंटा लवादाने टाटा जलविद्युतसाठी पश्चिमेला वळवायला 42.6 अब्ज घनफूट पाणी मान्य केलं. खाली सोलापूरकडे माणसं टँकरची वाट बघतात आणि वरचं पाणी कोकणात उतरतं. हा हिशेब 1910 साली कुणी मांडला नाही, कारण तेव्हा मांडायला लावणारं कुणी नव्हतं.

ऑगस्ट 2023 मध्ये महाराष्ट्र सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात पुन्हा सामंजस्य करार झाला. शिरवट्याला 1,800 आणि भिवपुरीला 1,000 मेगावॉटचे उदंचन प्रकल्प, म्हणजे वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचं आणि टंचाईच्या वेळी खाली सोडून वीज करायची. सूर्य मावळल्यावर सौर वीज संपते, तेव्हा अशी साठवण लागणारच. तंत्र म्हणून मला त्यात खोट दिसत नाही. करारावर पक्ष दोनच आहेत, 1910 सारखेच. शंभर वर्षांत कायदा बदलला, ग्रामसभा आली, तिला ठराव करता येतो. पोरीला मी सांगितलं आहे की तुझ्या प्रबंधात कुठल्याही कराराला गुण देताना सोबत ग्रामसभेचा ठराव जोडला आहे का ते आधी पाहा. नसेल तर तो करार माझ्या मते अपुरा आहे, मग वीज कितीही स्वच्छ असो.