सहसंवेदी भांडी
एका इंद्रियाच्या उद्दीपनाने दुसऱ्याचाही अनुभव जागा होणे, उदा., स्वर ऐकताना रंग दिसणे, म्हणजे सहसंवेदन. त्यावरून प्रेरणा घेऊन दक्षिण कोरियाच्या डिझायनर जिन्ह्यन जॉन यांनी २०१२ च्या सुमारास नेदरलँड्समधील डिझाइन अकॅडमी आइंडहोव्हन येथे चमच्यांची मालिका घडवली. रंग, पोत, तापमान, वजन आणि घडण यांतून चव खुलवणे हा तिचा हेतू. म्हणूनच काही चमच्यांवर जिभेला जाणवणारे उंचवटे आहेत. खरे सहसंवेदन मोजक्याच लोकांत आढळते. इंद्रियांची परस्परसंगती मात्र सर्वांत असते, आणि या रचनांचे खरे बळ तिथेच आहे. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स यांचा सहभाग असलेल्या एका प्रयोगात स्ट्रॉबेरी मूस काळ्यापेक्षा पांढऱ्या ताटलीत अधिक गोड लागले. जपानी डिझायनर नाओतो फुकासावा यांची केळ्याच्या सालीसारखी रसाची वेष्टने (२००४) या चमच्यांच्याच जातकुळीतली.