२१ एप्रिल : वाल्टर फ्लेमिंग यांचा जन्म (१८४३)
पेशीविभाजनाचा क्रम उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांचा आज जन्मदिन. सॅलॅमँडर या उभयचराच्या डिंभांच्या पेशी ॲनिलिन रंगांनी रंगवून त्यांनी विभाजनाचे टप्पे सूक्ष्मदर्शकाखाली टिपले. पेशीकेंद्रातला प्रत्येक धागा उभा दुभंगतो, हे त्यांचे मोलाचे निरीक्षण. १८८२ साली पेशीविभाजनावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या विभाजनाला ‘मायटोसिस’ हे नावही त्यांनीच दिले. पेशीकेंद्रातले ते दुभंगणारे धागे म्हणजे गुणसूत्रे.
दुभंगलेली गुणसूत्रे कोहेसिन हे प्रथिन कड्यासारखे वेढून एकत्र धरते आणि नेमक्या वेळी सेपरेज हे विकर ते कडे कापते, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या सुरुवातीला झाला. कडे कापल्यावर गुणसूत्रांचे अर्धे भाग दोन नव्या पेशींत वाटले जातात; ही वाटणी चुकली की पेशींत गुणसूत्रे कमी-जास्त होतात. अनेक कर्करोगांत हा बिघाड आढळतो. फ्लेमिंग यांचे ४ ऑगस्ट १९०५ रोजी कील येथे निधन झाले.