कुला: गिरमिटच्या बेटावरच्या फुटबॉलच्या लेकी

नेहमीप्रमाणे आजच्या भागाचं हे लिखित रूप. हेडफोन हाताशी नसतील, लोकलमध्ये आवाज फार असेल, तर वाचा.

सुरुवात गोव्यातून करू. मार्च २०२१, फातोर्डा स्टेडियम, आयएसएलची फायनल. मुंबई सिटीने शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगच्या गोलवर एटीके मोहन बागानला २-१ ने हरवलं. मुंबईकरांना ती रात्र पाठ आहे. पण त्या सबंध सीझनमध्ये समोरच्या संघातल्या ज्या एका स्ट्रायकरची सगळ्या डिफेन्डरांना धास्ती होती, त्याचं नाव रॉय कृष्णा. नाव आपल्यासारखं, चेहरा आपल्यासारखा, आणि पासपोर्ट फिजीचा.

फिजी म्हणजे दक्षिण पॅसिफिकमधला तीनशेहून जास्त बेटांचा देश. रॉय कृष्णा तिथल्या लंबासा गावचा. त्याची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे. आज बोलायचंय ते त्याच देशाच्या दुसऱ्या संघाबद्दल, ज्याची मॅच आपल्यापैकी बहुतेकांनी कधी बघितलेली नाही. फिजीचा महिला फुटबॉल संघ, टोपणनाव 'कुला'.

कुला हा फिजीचा राष्ट्रीय पक्षी. लाल-हिरवा, जांभळ्या टोपीचा छोटासा पोपट. त्याची लाल पिसं जुन्या काळी होड्यांमधून सामोआ आणि टोंगाला जायची आणि तिथल्या मानाच्या चटयांच्या काठाला लागायची. म्हणजे विमानं, टीव्ही, फिफा या सगळ्यांच्या आधी फिजीचं नाव समुद्रापार नेलं ते या पक्ष्याने.

पण ही गोष्ट समजायची तर आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. फिजी म्हटलं की जगाला रग्बी आठवतं. रिओ २०१६ आणि टोकियो, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या रग्बी सेव्हन्सचं सोनं फिजीचं. टोकियोत त्यांच्या महिलांनीही ब्राँझ आणलं. मग या रग्बीवेड्या देशात फुटबॉल आला कुठून, आणि वाढवला कुणी?

उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

१४ मे १८७९. 'लिओनिडास' नावाचं जहाज कलकत्त्याहून निघून फिजीला पोहोचलं. त्यात साडेचारशेहून जास्त हिंदुस्थानी मजूर होते. पाच वर्षांचा करार, उसाच्या मळ्यात काम. इंग्रजीतल्या 'अ‍ॅग्रीमेंट' शब्दाचं लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झालं आणि ते लोक झाले 'गिरमिटिया'. १९१६ पर्यंत अशी जहाजं येत राहिली. एकूण सुमारे साठ हजार माणसं आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारकडची, आणि १९०३ पासून मद्रासकडचीही. सरकारचा नियम असा होता की दर १०० पुरुषांमागे ४० बायका जहाजावर असल्या पाहिजेत. हा आकडा लक्षात ठेवा. त्या वसाहतीत बाई मुळातच कमी होती, आणि तिच्यावर दुहेरी ओझं होतं: मळ्यातलं काम, आणि बराकीतला संसार.

ऊस गाळायला ऑस्ट्रेलियाच्या कोलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीचे कारखाने होते. नाउसोरी, बा, लंबासा, लाउतोका. आता फिजीचा फुटबॉल नकाशा उघडा. मोठे डिस्ट्रिक्ट संघ कुठले? रेवा, म्हणजे नाउसोरीचा परिसर. बा. लंबासा. लाउतोका. जिथे कारखाना, तिथे फुटबॉल! हा काही योगायोग म्हणता येणार नाही. गिरमिट संपल्यावर तिथेच राहिलेल्या लोकांच्या पोरांनी हा खेळ धरला. एक बॉल आणि एक मोकळं मैदान, एवढ्यावर भागणारा खेळ.

१९३८ मध्ये त्यांनी संघटना काढली, 'फिजी इंडियन फुटबॉल असोसिएशन'. त्याच वर्षी इंटर-डिस्ट्रिक्ट स्पर्धा सुरू झाली आणि पहिली जिंकली रेवाने. ही 'आयडीसी' आजही होते. आपल्याकडे गावच्या जत्रेला मुंबई-पुण्याचे चाकरमानी येतात ना, तसे तिथे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेलेले लोक आयडीसीसाठी घरी येतात.

दुसऱ्या बाजूला मूळचे फिजीयन, ज्यांना 'इ-तौकेई' म्हणतात, त्यांचा खेळ रग्बी. शाळेत, पोलिसात, लष्करात रग्बीच. इंग्रजांनी दोन समाज वेगळे ठेवले होते. वस्ती वेगळी, शाळा वेगळ्या, मग खेळही वेगळे झाले. १९६१ मध्ये संघटनेने नावातला 'इंडियन' शब्द काढला, सगळ्यांसाठी दार उघडलं. त्यानंतर इ-तौकेई पोरं फुटबॉलमध्ये आली आणि बघता बघता राष्ट्रीय संघाचा कणा बनली.

इथपर्यंतच्या सगळ्या इतिहासात एक गोष्ट खटकली का? मुली कुठे आहेत?

१९८३ मध्ये त्या पहिल्यांदा मोठ्या मैदानावर दिसतात. ओशनिया खंडाची पहिली महिला फुटबॉल स्पर्धा न्यू कॅलेडोनियातल्या नूमेया शहरात झाली. चारच संघ: न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, यजमान न्यू कॅलेडोनिया आणि फिजी. फायनलमध्ये न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवलं. महिलांचा पहिला फिफा वर्ल्ड कप १९९१ चा, म्हणजे फिजीच्या मुली त्याच्या आठ वर्षं आधी खंडाच्या स्पर्धेत उतरल्या होत्या!

पण पुढे साखळी तुटते. १९९१ आणि १९९५ ला ही स्पर्धा तीनच संघांत झाली, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पापुआ न्यू गिनी. फिजी नाहीच. त्यात १९८७ हे साल येतं. त्या वर्षी १४ मे रोजी, म्हणजे लिओनिडास आल्याच्या बरोबर १०८ व्या वर्षदिनी, फिजीत लष्करी उठाव झाला. भारतीय वंशाच्या नेत्यांचं वजन असलेलं सरकार उलथवलं गेलं. पुढच्या काळात हजारो भारतीय वंशाची कुटुंबं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिकेला निघून गेली. एके काळी देशातला सगळ्यात मोठा असलेला हा समाज आज साधारण एक तृतीयांश उरलाय. जी माणसं क्लब चालवायची, गाडीखर्च द्यायची, त्यांच्यातलेही कित्येक गेले. जिथे पुरुषांच्या खेळाला ओढाताण, तिथे मुलींच्या संघाकडे कोण बघणार?

आणि समोर कोण होतं तेही बघा. १९९८ ला ऑकलंडमध्ये न्यूझीलंडने सामोआवर २१ गोल केले आणि त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियानेही अमेरिकन सामोआवर २१. शून्याला! लहान बेटांसाठी ही स्पर्धा म्हणजे एक परीक्षा होती, जिचा अभ्यास करायला कुणी पुस्तकच दिलं नव्हतं.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलिया ओशनिया सोडून आशियात गेला. बेटांना वाटलं असेल, चला, एक डोंगर हलला. पण दुसरा तिथेच होता. २००७, २०१०, २०१४, २०१८, चारही वेळा विजेता न्यूझीलंड. वर्ल्ड कपची जागा एक, आणि ती दर वेळी त्यांचीच.

मग बेटांची आपसातली खरी लढाई कुठे? पॅसिफिक गेम्समध्ये. आणि तिथे राज्य पापुआ न्यू गिनीचं, थोडक्यात पीएनजीचं. महिला फुटबॉल या गेम्समध्ये २००३ ला आला, तोही फिजीतच, सुवाला. सोनं पीएनजीचं. २००७, २०११, २०१५, २०१९, दर वेळी पीएनजी. म्हणजे कुलांच्या डोक्यावर दोन छतं होती. वरचं न्यूझीलंडचं, खालचं पीएनजीचं.

२०१८ ला खालचं छत फुटलं. पुन्हा नूमेया, तेच शहर जिथे ३५ वर्षांपूर्वी सुरुवात झाली होती. खंडाच्या स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये फिजीने पीएनजीला ५-१ ने हरवलं. फायनलमध्ये न्यूझीलंडकडून ८-० ने हार झाली, पण फिजीच्या मुली खंडात दुसऱ्या आल्या होत्या. पुरुषांच्या फुटबॉललाही जे चार ओळींत मिळत नाही, ते रग्बीच्या देशात मुलींना थोडंसं मिळालं: लोकांनी नावं लक्षात ठेवली. सेमा नासाऊ हे त्यातलं एक.

आता येतं २०२२, या गोष्टीचा खरा काटा.

२०२३ चा महिला वर्ल्ड कप ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये होणार होता. यजमान म्हणून न्यूझीलंडला थेट जागा मिळाली, त्यामुळे २०२२ च्या खंडाच्या स्पर्धेत ते उतरलेच नाहीत. १९८३ पासून या स्पर्धेचे विजेते फक्त तीन: न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, आणि काही काळ ओशनियात असलेला तैवान. एकही बेट नाही. जवळपास चाळीस वर्षांत पहिल्यांदा हे नक्की होतं की यंदा ट्रॉफी एखाद्या लहान बेटदेशाकडे जाणार. जिंकणाऱ्याला वर्ल्ड कपच्या प्लेऑफचं तिकीट. आणि स्पर्धा कुठे? फिजीत, सुवाच्या एचएफसी बँक स्टेडियमवर.

३० जुलै २०२२. फायनल. यजमान फिजी विरुद्ध पापुआ न्यू गिनी. घरचं मैदान, घरची गर्दी.

पीएनजी २, फिजी १.

एक गोल. एवढंच अंतर. पहिलं बेट-विजेतेपद शेजारच्या घरी गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पीएनजी न्यूझीलंडला प्लेऑफ खेळायला गेली आणि पनामाकडून २-० ने हरली. पनामा पुढे पाराग्वेला हरवून वर्ल्ड कपला पोहोचली. फिजीच्या मुलींनी ते सगळं घरूनच बघितलं असणार. वर्ल्ड कपचं दार उघडलेलं नव्हतं, पण किलकिलं होतं, आणि ती फट त्यांच्या हातून एका गोलाने निसटली.

मग पुढे काय? इथे गोष्ट संपली असती तर मी आजचा भाग केला नसता.

२०२४ ला कोलंबियात २० वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप झाला. ओशनियातून न्यूझीलंडबरोबर फिजीही पात्र ठरली. 'यंग कुला'. ग्रुपमध्ये कोण? ब्राझील, कॅनडा, फ्रान्स. निकाल सांगतो: ब्राझील ९-०, कॅनडा ९-०, फ्रान्स ११-०. तीन मॅच, २९ गोल खाल्ले, केला एकही नाही.

सोशल मीडियावर असे स्कोअर आले की आपण हसतो, फॉरवर्ड करतो. पण जरा थांबा. रॉय कृष्णा कॅप्टन असलेला पुरुषांचा संघ २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला गेला, तेव्हा काय झालं? कोरियाकडून ८-०, मेक्सिकोकडून ५-१, जर्मनीकडून १०-०. त्या तीन मॅचमधला फिजीचा एकुलता एक गोल रॉयचा, मेक्सिकोविरुद्ध. ते २३ गोल खाणारा कॅप्टन तीन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या ए-लीगचा टॉप स्कोअरर झाला आणि मग भारतात येऊन आयएसएल जिंकला. मोठ्या संघाबरोबर खेळल्याशिवाय खेळाचा वेग कळत नाही. आणि बेटांवरच्या मुलींना तो वेग अनुभवायची संधी किती वर्षांनी मिळते? एका स्पर्धेपासून पुढच्या स्पर्धेपर्यंत कित्येकदा मोजक्याच मॅच. शेजारी म्हणजे हजार किलोमीटरचा समुद्र, विमानाचं तिकीट महाग. ब्राझीलची मुलगी दर आठवड्याला लीग खेळते. तिच्यासमोर नव्वद मिनिटं उभं राहणं हेच शिक्षण, आणि त्याची फी गोलांत द्यावी लागते.

शेवटचा मुद्दा, आणि हा जरा बोचणारा आहे. कुलांच्या संघाची यादी बघा. आडनावं बहुतेक सगळी इ-तौकेई. ज्या समाजाने उसाच्या मळ्यांतून हा खेळ उभा केला, १९३८ ला संघटना काढली, त्या समाजाच्या मुली राष्ट्रीय संघात जवळजवळ दिसतच नाहीत. कारण शोधायला फार लांब जायला नको. पोरगा मैदानावर गेला तर 'खेळायला गेलाय', आणि पोरगी गेली तर 'लोक काय म्हणतील'. हे वाक्य जहाजात बसून सात समुद्र पार गेलं आणि तिथेच राहिलं. दर १०० मागे ४० बायका मोजून नेणाऱ्या साहेबाने तिला मजूर म्हणून मोजलं. नंतर आपल्याच माणसांनी तिला खेळाडू म्हणून मोजलंच नाही.

उलट इ-तौकेई मुलींनी दुहेरी उंबरठा ओलांडला. 'आपला' खेळ रग्बी असताना 'त्यांचा' खेळ घेतला, आणि मुली असून घेतला. आज तो खेळ जेवढा बा आणि लाउतोकाच्या दुकानदारांचा आहे, तेवढाच या मुलींचाही. १९६१ ला नावातला एक शब्द खोडून जे दार उघडलं, त्यातून सगळ्यात पुढे त्या गेल्या.

तर मंडळी, पुढच्या वेळी ओशनियाच्या महिला स्पर्धेचा स्कोअर कुठे दिसला, तर फिजीचं नाव शोधा. हरल्या असतील तर किती गोलांनी हरल्या ते बघून पुढे सरकू नका. समोर कोण होतं आणि याआधीची मॅच कधी झाली होती, तेही बघा. आणि यादीत एखादं देवी, कुमारी, लता असं नाव दिसलं, तर मला नक्की कळवा. त्या दिवशी आपण या गोष्टीचा पुढचा भाग करू.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, वाचत राहा.