बर्मिंगहॅमची शाळामंडळ-निवडणूक (१८७०)
१८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यान्वये इंग्लंडात लोकनियुक्त शाळामंडळे स्थापन झाली. उमेदवारांपुढील धर्मशिक्षण, सक्ती व करवाढ या प्रश्नांची चर्चा पुष्कळ झाली आहे. मतदानपद्धतीकडे मात्र अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदारास असत, व ती सर्व एकाच उमेदवाराच्या पदरात टाकण्याची त्यास मुभा असे. बर्मिंगहॅमच्या १५ जागांसाठी लिबरलांनी १५ उमेदवार उभे केले; निवडून आले अवघे ६. चर्चपक्षाने मोजके उमेदवार देऊन मते एकवटली होती. परिणामतः, निर्धन मुलांची फी सांप्रदायिक शाळांस करातून देऊ करणाऱ्या २५ व्या कलमाच्या कडव्या विरोधकांना अल्पमतात बसावे लागले. १८७३ मध्ये त्यांनी ८ च उमेदवार दिले, आणि आठही निवडून आले.