बंद कवटींतील दाब

मेंदूंत रक्तस्राव होऊन मनुष्य बेशुद्ध पडला, म्हणजे त्याला काय होत आहे हें त्याच्या तोंडून कळण्याचा मार्ग खुंटतो. कवटी तर करवंटीसारखी कठीण आणि चोहोंकडून बंद. आंतील संकट बाहेरून ओळखावें कसें, या प्रश्नानें वैद्यकशास्त्राला दीर्घकाळ अडवून धरलें.

१७८३ सालीं एडिंबरो येथील शारीरशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्रो यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, कवटी ताठर आणि मेंदू दाबून लहान न होणारा. तेव्हां आंतील रक्ताचें प्रमाणही जवळजवळ कायम राहिलें पाहिजे. १८२४ सालीं त्यांचे शिष्य जॉर्ज केली यांनीं या मतास पुष्टि दिली. मेंदूभोवतालचा पाण्यासारखा द्रव पुढें या हिशेबांत आला. एकाच घरांत मेंदू, रक्त व द्रव अशीं तीन बिऱ्हाडें. त्यांत सांकळलेल्या रक्ताचें चौथें येऊन पडलें, तर इतरांना जागा करून द्यावी लागते. आरंभीं द्रव पाठीच्या कण्याकडे सरकतो, शिरांतील रक्त बाहेर पडतें आणि दाब फारसा वाढत नाहीं. ही सवड संपली, कीं मग थोड्याशा रक्तानेंही तो झपाट्यानें चढतो.

१८९१ सालीं जर्मनींत हाइनरिख क्विंके यांनीं कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून द्रवाचा दाब मोजला. परंतु कवटींत रक्ताचा गोळा असतां खालून द्रव काढल्यास मेंदू तळच्या छिद्राकडे ओढला जाऊन प्राणावर बेतूं शकतें. १९०१ च्या सुमारास बर्न येथें हार्वे कुशिंग यांनीं प्राण्यांवरील प्रयोगांत दाखविलें कीं, कवटींतील दाब वाढला असतां मेंदूस रक्त पोंचावें म्हणून शरीर रक्तदाब त्याहून वर चढवितें. नाडी मंदावते, श्वास अनियमित होतो. खूण खरी, पण ती बहुधा उशिरां दिसते.

अखेर १९६० सालीं स्वीडनमधील लुंड येथें निल्स लुंडबर्ग यांनीं मेंदूच्या पोकळींत बारीक नळी ठेवून सतत घेतलेल्या दाबाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. कांहीं रुग्णांत दाब एकाएकीं पाऱ्याच्या ५० मिलिमीटरांवर चढे, पांच ते वीस मिनिटें तेथेंच राही आणि पुन्हां उतरे. मध्यंतरीं एकदांच मोजणारा वैद्य निर्धास्त राहिला असता! त्याच नळींतून जादा द्रव काढून दाब उतरवितांही येतो. मात्र तिच्यामुळें जंतुसंसर्गाची व रक्तस्रावाची भीति असते.

प्रौढ माणसाचा हा दाब पडलेल्या स्थितींत साधारणपणें १५ मिलिमीटरांच्या आंत असतो. २० ते २२ च्या वर तो टिकूं लागला, कीं उपचारांचा विचार होतो. परंतु आंकडा म्हणजे उपचार नव्हे. डोक्यास गंभीर इजा झालेल्या ३२४ रुग्णांवर बोलिव्हिया व इक्वेडोर येथें झालेल्या आणि २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, दाबमापकाच्या आधारें केलेली शुश्रूषा ही तपासणी व मेंदूचीं चित्रें यांच्या आधारें केलेल्या शुश्रूषेहून सरस ठरली नाहीं. नळी सांगते ती वार्ता. तिचा अर्थ लावणारी दृष्टि अद्याप रुग्णाच्या उशाशीं बसलेल्या वैद्याचीच आहे.